शुक्रवारपर्यंत हात लावू नका

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळी ७.४०
बायको उठायच्या आत कॉम्प्युटरचा अपडेट उरकला. ती म्हणाली होती, शुक्रवारपर्यंत हात लावू नका. तिचा मुलांसाठीचा शब्दकोश, सहा वर्षांचं काम, शुक्रवारी चारच्या आत प्रकाशकाकडे जायचा आहे. पण महिनाभर मशीन 'अपडेट करा' म्हणून हात धुऊन मागे लागलं होतं. मेंटेनन्स पुढे ढकलला की काय होतं, हे एकोणतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेल्या माणसाला कुणी शिकवू नये. चहाच्या आत काम फत्ते.

८.२५
लॉगिनचा पडदा आला. पासवर्ड टाकला, घेतला. क्षणभर काळोख आणि पुन्हा लॉगिनचाच पडदा. चौदा वेळा. लिफ्टमध्येही असं होतं: दार मिटतं, दार उघडतं, आपण त्याच मजल्यावर. किरकोळ दोष. हिला सांगितलं, मशीन गरम झालंय. थंडीत कसं काय गरम झालं, असं तिने विचारलं. उगाच खोलात जाते.

सोमवार, १०
ठराव: घाई नाही. चिडचिड नाही. मेहुणीला विचारणं तर नाहीच. ती हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळते आणि दर वाक्याला "भाऊजी, सोप्पंय" म्हणते.
दुपारी शोध लागला. तीन बटणं एकदम दाबली की चित्रं जाऊन नुसत्या अक्षरांचा काळा पडदा येतो, आणि तिथे पासवर्ड चालतो! म्हणजे मोटर ठणठणीत, घोळ दारातच. हिला सांगितलं, ऐंशी टक्के झालं. फाइल दिसते का, म्हणाली. म्हटलं, फाइल कुठे जातेय.

मंगळवार, ११
मान आखडली. मोबाइलवर एका सज्जनांचा सल्ला सापडला: 'रूट', म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी, होऊन हुकूम सोडा. झालो. एका ओळीत हिच्या सगळ्या फाइली सर्वाधिकाऱ्याच्या नावावर केल्या. मशीनने हूं की चूं केलं नाही.
संध्याकाळी ही काळ्या पडद्यावर स्वतःच्या नावाने शिरून शब्दकोश उघडायला गेली. 'परवानगी नाही.' तिने ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, सुरक्षा वाढलीय.

बुधवार, १२
ही सकाळपासून जुन्या छापील पानांवरून वहीत शब्द उतरवतेय. शेवटच्या दोन वर्षांची पानं छापलेलीच नाहीत, ते शब्द आठवून लिहितेय. भात मी लावला. करपला. तिने तसाच खाल्ला, हे लक्षण वाईट.
आता जालीम उपाय. उद्या उठल्या उठल्या डिस्क साफ पुसायची आणि सगळं नव्याने घालायचं. हिला सांगितलं. पुसायची म्हणजे काय, म्हणाली. मी समजावत होतो तोवर ती फोन घेऊन गच्चीवर गेली.

गुरुवार, १३
मी उठायच्या आत मेहुणी आली. मला दूध आणायला पिटाळलं. दूध घरात होतं.
निदान: डिस्क गच्च भरलेली, अपडेटला जागाच नव्हती. भरली कशाने, तर जुन्या लिफ्टच्या माझ्या तीनशे व्हिडिओंनी. तो दोष दहा मिनिटांचा. पुढचे चार तास माझी दुरुस्ती दुरुस्त करण्यात गेले. जाताना म्हणाली, भाऊजी, सोप्पं होतं.

शुक्रवार, १४
तीन पस्तीसला शब्दकोश गेला. ही खुर्चीतच रडली. मी म्हटलं, शेवटी झालं ना. ती म्हणाली, "सहा वर्षांत तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली. हात लावू नका, एवढीच."
 

शनिवार, १५. सकाळी ७.१०
लॉगिनचा पडदा चकाचक. वर हिचं पूर्ण नाव. खाली मेहुणीने माझ्यासाठी उघडलेलं नवं खातं: 'पाहुणा'. त्याला पासवर्ड लागत नाही. त्यातून अपडेटही करता येत नाही.
दोनदा करून पाहिलं.