पाहुण्यांचं पाणी

माय,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात एका परक्या घरात तू मला भेटलीस. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं गाव, आपल्या गावासारखंच. आमचं विद्यापीठ आणि सरकारचा आरोग्य विभाग मिळून त्या पट्ट्यातलं पिण्याचं पाणी तपासत आहेत. नमुने अमरावतीला माझ्या प्रयोगशाळेत येतात. ज्या गावाचं पाणी वाईट निघेल तिथे सरकारची गाडी जाते आणि लोकांचं रक्त तपासून किडनी ठीक आहे का ते बघते. पाणी चांगलं निघालं, की गाडी पुढच्या गावाला.

या गावाचं पाणी चांगलं निघालं. तिथल्या आशाताई मात्र फोनवर सांगत होत्या की घरोघरी बायकांचे पाय सुजले आहेत. मला तो निकाल काही पटेना. आमच्या विद्यापीठातले म्हणाले, नमुने आरोग्यवाल्यांनी नीट घेतले नसतील. आरोग्य विभागाचे साहेब म्हणाले, बाटल्या तुमच्या, यंत्र तुमचं, आम्हाला कशाला नावं ठेवता? दोन कचेऱ्या एकत्र काम करतात तेव्हा चूक कोणाचीच नसते, हे मी आता शिकले आहे. तुझ्यासारखाच माझाही पारा लवकर चढतो. नव्या बाटल्या घेतल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. साहेबही कुरकुरत आले.

पहिल्याच घरी उलगडा झाला. तू गेलीस त्या वयाची बाई. पाय सुजलेले, डोळ्यांखाली फुगलेलं. दारातच हापशी, तिच्या तोंडावर पांढरा थर चढलेला. मी बाटली पुढे केली आणि पिण्याच्या पाण्याने भरून द्या म्हटलं. ती हापशीकडे वळलीच नाही. आत गेली, कोपऱ्यातल्या विकतच्या कॅनमधून बाटली काठोकाठ भरली आणि पदराने पुसून माझ्या हातात दिली. तुम्ही घरी हेच पिता का, असं विचारलं तर हसली. घरचे सगळे हापशीचंच पितात, कॅन आल्यागेल्यासाठी. मागच्या वेळी नमुने घ्यायला आलेल्या पोरांनाही तिने आणि शेजारणींनी हेच दिलं होतं. साहेबांनी कपाळाला हात लावला. ती मात्र जराही ओशाळली नाही.

"पावण्याले खारं पानी कसं द्याव, बाई? खारंच पायजे होतं त मंग पयलेच सांगा लागत होतं नं."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू. माझ्याशिवाय हा प्रश्न कोणाला सुचणार होता? मी तुझ्या घरात वाढले आहे. आपलं स्वयंपाकघर अजून दिसतं. चुलीशेजारी माठ, त्यात विहिरीचं खारं पाणी. फळीवर झाकलेला पितळी गुंड, त्यात तू लांबून डोक्यावर आणलेलं गोडं पाणी. मी शाळेतून येते, गुंडाला हात लावते आणि तू लाटणं घेऊन वळतेस, "ते पावण्यायचं हाय." खाऱ्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, तू चूल फुंकत बसतेस, पण कोणी आलं की चहा गुंडातल्या पाण्याचा. मग मी अमरावतीला शिकायला गेले. पहिल्या सुट्टीत घरी आले तर तू न मागता गुंडातलं पाणी माझ्यापुढे ठेवलंस. मी चिडले, मी काय पाहुणी आहे का म्हणाले. तू शांतपणे म्हणालीस, "आता तुले आमचं पानी सोसनार नाही." आणि स्वतः माठातलं प्यायलीस. तेव्हा मला राग आला होता.

त्या बाईने शेवटी हापशीवर बाटली भरली, पण मन घेत नव्हतं तिचं. देताना म्हणाली, "कोनाले पियाले देऊ नोका हो."

पाणी वाईट निघालं. गाडी पुढच्या आठवड्यात त्या गावाला जाते आहे. त्या बाईपर्यंत आम्ही वेळेत पोचतो आहोत की नाही, हे तिचं रक्त तपासल्यावरच कळेल. मला त्याची भीती वाटते.

त्या दिवशी गावाहून परतताना मी साहेबांना तुझ्या गुंडाची गोष्ट सांगितली. त्यांनी विचारलं, तुमची आई कशाने गेली? किडनीने, मी म्हटलं. पाण्यामुळे? माझ्या विद्यार्थ्यांना मी कायम बजावते की पाणी खारं होतं आणि किडनी गेली, एवढ्यावरून काही ठरत नाही. उन्हातले कष्ट असतात, शेतातली फवारणी असते, अंगदुखीच्या गोळ्या असतात. तुझं पाणी तर कोणी तपासलंच नाही, आणि ती विहीरही आता बुजली. तरी मी साहेबांना ठणकावून सांगितलं, पाण्यामुळेच. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून तुला सांगते, अहवालात असं वाक्य मी कोणालाही लिहू दिलं नसतं.