क्सेनोफोन राफ्तिसचं नाव पाटीवर घालण्याबाबत

मी, लिकुर्गोस वामवाकास, धंदा सायकलदुरुस्ती, राहणार बंदराजवळ, पात्रास, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या दडपणाशिवाय लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत. डोकं शाबूत आहे. पत्नी हयात नाही, मूलबाळ नाही.

राहतं घर बहीण पोलिक्सेनी हिला. भिंतीवरचा माझा फोटो तिने खुशाल उतरवावा. तोच फोटो गावातल्या प्रत्येक कॉफीखान्यात आहे.

शर्यतीची सायकल व पदक सायकल क्लबाला, पण एका अटीवर. तरुणपणी पात्रास ते एयिओ आणि परत, ही शर्यत मी जिंकली. क्लबाच्या पाटीवर लिहिलंय, 'पडला, एकट्याने उठला, जिंकला.' हे खोटं आहे. परतताना नदीच्या कोरड्या पात्रात मी आपटलो, हँडल वाकलं. पुढे गेलेला क्सेनोफोन राफ्तिस मागे फिरला, चाक गुडघ्यांत धरून त्याने हँडल सरळ केलं आणि ओरडला, "ऊठ लेका! तू इथे लोळत पडलास तर मी हरवू कुणाला?" शेवटी मी त्याला चाकभराने हरवलं. हे मी त्याच संध्याकाळी सांगितलं, पुढे जन्मभर सांगत आलो. लोक म्हणतात, "वा, काय विनय!" क्सेनोफोन बाल्कन युद्धात मारला गेला. त्याला आता कुणी ओळखत नाही.

पाटीवर त्याचं नाव घालावं. न घातल्यास सायकल व पदक त्याची मुलगी एवान्थिया हिला द्यावं. क्लबाचे अध्यक्ष श्री. दूझिनास मला म्हणाले होते, "आता कशाला जुनं उकरताय, आजोबा?" त्यांनी माझ्या शवपेटीला खांदा देऊ नये.

थडग्यावर 'विजेता' लिहू नये. 'सायकलवाला' पुरे.

दुकान व सर्व हत्यारं माझ्या पश्चात एवान्थियाला. काम ती माझ्याच हाताखाली शिकली. डगमगत्या चाकाचा आउट तिच्यासारखा मलाही काढता येत नाही. मुलीकडून पंक्चर काढून घ्यायची ज्यांना लाज वाटते, त्यांनी सायकल ढकलत घरी न्यावी.

ता. क. सही करण्याआधी हे एवान्थियाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे काका, मी तुमच्या मरणाची वाट बघत बसू? किल्ली आत्ताच द्या की!"

दिली. सबब वरील दुकानाचं कलम रद्द समजावं. दुकान आजपासून तिचं. मला बसायला एक स्टूल तेवढं राहू द्यावं, ही विनंती.

(सही) लिकुर्गोस वामवाकास

आमच्यासमक्ष सही केली:
अनारगिरोस स्कूरास, पाववाला
मिल्तियादिस केफालास, औषधविक्रेता

पात्रास, ११ ऑक्टोबर १९३४