चौथा ठोकळा

४ मार्च, दहिवडी
आज पुलाच्या कामावर तपासणी अभियंता म्हणून रुजू झाले. वाईच्या मराठी शाळेत सदैव पहिली येणारी मी चारचौघांत अजूनही शब्द शोधते. ग्राउटपुढे, म्हणजे सिमेंटच्या पातळ गाऱ्यापुढे, मात्र शब्द लागत नाहीत. माणगंगेवरच्या या पुलाचे खांब कारखान्यातून तयार येतात. पायाच्या काँक्रीटमधून वर आलेल्या सळ्या खांबाच्या तळातील नळ्यांत शिरतात आणि त्या नळ्या ग्राउटने भरायच्या: खालच्या छिद्रातून पंपाने, वरच्या छिद्रातून ते बाहेर येईपर्यंत. तरच खांब पायाला धरतो, आणि मगच रजिस्टरवर माझी सही. प्रत्येक मिश्रणाचे तीन ठोकळे मी टाकीतल्या पाण्यात ठेवते आणि पुढे दाबयंत्रात फोडून पाहते. मुकादम भाऊसो म्हणाले, आवं मॅडम, तुमी मान्सांपरीस ठोकळ्यांशीच लय बोलता. मला हसू आले.

७ मार्च
चौथा खांब. हिशेबाने चाळीस लिटर. ऐंशी गेले, तरी वर थेंबही आला नाही. मी सही नाकारली. भाऊसोंनी हळूच सांगितले की आधीच्या सुमैरा मॅडमही याच खांबावर अडल्या होत्या आणि एका दुपारी कुणाला न सांगता निघून गेल्या. त्यांचा जेवणाचा डबा अजून कपाटात आहे.

८ मार्च
टाकीत तीन ठोकळे ठेवले होते. आज चार निघाले. चौथ्यावर खिळ्याने कोरलेले: सुमैरा, खांब ४, १२ जानेवारी. एका दिवसात दगड होणारे ग्राउट, आणि हा जवळजवळ दोन महिन्यांनंतरही बोटाने दबतो. गार पाण्यात राहूनही कोमट आहे.

९ मार्च
तो फोडला. आत हिरव्या बांगडीचा तुकडा. कंत्राटदाराचे साहेब म्हणाले, खडी असेल. या ग्राउटमध्ये खडी नसते. एवढे मी शिकले आहे.

१० मार्च
टाकीत तो पुन्हा. अखंड. तीच अक्षरे. भीती वाटते, हे नाकारत नाही. तरी रजिस्टरमध्ये स्वच्छ लिहिले: खांब ४ च्या नळ्या भरलेल्या नाहीत.

११ मार्च, दुपार
उद्या तुळया चढणार. पुढे या पुलावरून शाळेच्या मुलांची एसटी जाईल. साहेबांचा निरोप आला: आजच सही हवी. चौथ्या खांबाच्या वरच्या छिद्राला कान लावला— आत खिळा घासल्याचा आवाज. कोणी तरी कोरते आहे.

तीन वाजता
प्रयोगशाळेला बाहेरून कडी. भाऊसो खिडकीतून विनवतात, करा की सही, ही मानसं लय वाईट हाईत. मी म्हणाले, नाही. मोठ्याने म्हणाले.

ताजा ठोकळा ओतला. सुमैराताईंनी तारीख का घातली, ते कळले. पुढे जी येईल तिच्यासाठी. ठोकळ्यावर कोरते आहे तेच इथे लिहिते—
क्रांती, खांब ४, ११ मार्