कानामोवर कोणी कोणाला वाचवलं

ती. हेमचंद्रमामांस,

जपानातल्या उरायासुहून सारंगचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, म्हणून कागदावरच.) तुमची तब्येत उत्तम असणारच, पुण्यात सत्कार घेत हिंडताय असं कळलं. आमचं विचाराल, तर माझं डोकं फिरलंय.

काल जयमालामामींचा दीप्तीला फोन आला. म्हणे, स्पितीतल्या कानामोवर मला उंची बाधली आणि शिखर हाकेच्या अंतरावर असताना तुम्ही भाच्यासाठी त्यावर पाणी सोडलंत. वा, मामा! मग हातमोजा पायात कोण घालत होतं? आपल्या वाटाड्याला, तेनझिनला, "जोशीसाहेब, तेवढं पासबुक भरून द्या" अशी गळ कोण घालत होतं? (तो बिचारा "हां जी, कल" म्हणत राहिला.) आणि खाली चला म्हटल्यावर "तू जा, तुम्हा जपानी लोकांना दम नाही" हे मला, कर्वेनगरात वाढलेल्याला, कोणी ऐकवलं?

शेवटी एका बगलेत तेनझिन, दुसऱ्या बगलेत मी, असं धरून त्या घसरत्या दगडगोट्यांवरून तुम्हाला उतरवलं. माथ्यावरच्या पताका दिसत होत्या हो मामा! या रजेसाठी मोरी-सानपुढे मी इतक्यांदा वाकलो होतो की चढाईचा निम्मा सराव ऑफिसातच झाला. उतरताना मी रडत होतो, ते रागानं. थोडं भीतीनंही, कारण तुमचे ओठ निळे पडले होते. खाली किब्बर गावात तुम्ही भानावर आलात आणि पहिलं वाक्य बोललात, "चहात साखर कमी आहे." तेव्हा मी तुम्हाला मिठी मारली. ती मिठी मी परत घेतो.

इथे माझी काय शोभा झालीय! सलोनी "बाबा योवाई" (म्हणजे दुबळा) म्हणत स्टेशनपर्यंत माझी बॅग उचलते. दीप्ती मला जिना चढू देत नाही. मामींना आजच्या आज खरं सांगा, नाहीतर मी सांगेन.

तुमचा (नाइलाजानं) भाचा,
सारंग

ता.क. : पाकीट चिकटवताना दीप्ती म्हणाली, "पुढच्या वर्षी परत जायचं असेल तर जा. पण मामांबरोबरच. ते होते म्हणून वाचलास."

आणखी ता.क. : मामींना काही सांगू नका. मला उंची बाधली होती. मोरी-सानकडे सप्टेंबरची रजा मागतोय. तुम्ही तेवढं डॉक्टरांना दाखवून घ्या.