थोरल्या मामांची घोरपड

आयझॉल, मंगळवार

प्रिय थानसेया मामांना,
रिनसांगीचा नमस्कार.

प्रभूच्या दयेने आम्ही इकडे धडधाकट आहोत, आणि तुम्हीही लुंगलेईत तसेच असाल असं धरून चालते. मामींचा गुडघा, तुमची संत्र्याची बाग आणि चर्चच्या गायकांशी चाललेलं तुमचं भांडण, सगळ्याची खुशाली कळवा. (भांडण मिटलं असेल तर जरा वाईट वाटेल, पण कळवा.) पत्राला बसले आणि दोनदा उठले. एकदा खिडकी लावायला, एकदा तीच उघडायला. जीव थाऱ्यावर नाही. कारण सांगते, पण आधी हातातला चहा खाली ठेवा.

कापछुंगा मामांवर, म्हणजे तुमच्या सख्ख्या थोरल्या भावावर, घोरपड मारल्याचा गुन्हा दाखल होतोय.

दरड कोसळली म्हणून तुम्ही त्यांच्या मुलाच्या लग्नाला पोचला नाहीत, तेव्हा पहिल्यापासून सांगते. सूनबाई ख्वाझॉलची. तिच्या माहेरचे सगळे जुने शिकारी, घरात भिंत कमी आणि शिंगं जास्त. जेवताना व्याह्यांनी कुठल्याशा अस्वलाची गोष्ट काढली. दुसऱ्याचं अस्वल आपल्या मामांना पचतं होय? (स्वतःचं असतं तर पचलं असतं.) ते म्हणाले, "व्याहीबुवा, तुम्ही आत्ता चावताय ते काय आहे, ओळखा बघू." चुलीवरच्या फळीवर धुरावलेलं मांस होतं. व्याह्यांनी खूप चावलं, पण ओळखलं नाही. "घोरपड!" मामा म्हणाले, "एका गोळीत!" पहिल्यांदा सांगितली तेव्हा ती हातभर होती. चहा येईपर्यंत ती झाडावरून फुत्कारत मामांच्या अंगावर आली होती.

पंगतीत सूनबाईचा मावसभाऊ झारझोवा बसला होता. तो बिचारा वनखात्यात. त्याने घास खाली ठेवला. घोरपड मारणं म्हणजे वाघ मारण्याच्या पंक्तीतला गुन्हा, सरळ तुरुंग. नात्याखातर गप्प बसावं, तर सगळ्या वऱ्हाडाने ऐकलेलं. शेवटी त्याने थोरल्या मामींची माफी मागून फळीवरचे उरलेले तुकडे पिशवीत बांधले आणि तपासणीला पाठवले. आता ती पिशवी कुठे यावी? आमच्याच प्रयोगशाळेत. माझ्याच टेबलावर.

तुम्ही नेहमी विचारता, पोरी, तू दिवसभर करतेस काय. बेडूक ओळखते, मामा. जंगलातून बेडकाचा, सरड्याचा, सापाचा जरासा तुकडा येतो. प्रत्येक जिवाच्या पेशीत एक छोटा मजकूर असतो, साबणाच्या वेष्टनावर काळ्या रेघा असतात ना, तसा. तो वाचायचा आणि जगभरच्या साठ्याशी ताडून बघायचा. दिसायला जुळे भाऊ वाटणारे दोन बेडूक आतून परके निघतात. कातडी काढली, शिजवलं, धुरावलं, तरी मजकूर बहुधा टिकतो. म्हणून तर मला झोप नाही. मी आमच्या प्रमुख मॅडमना सांगून टाकलं, हे माझ्या मामांचं प्रकरण आहे, दुसऱ्या कुणाला द्या. त्या म्हणाल्या, "दुसरं कोण आहे इथे? यंत्राला मामा नसतो. कर, पण माझ्यासमोर."

पहिला निकाल आला: माणूस.

(मला सर्दी होती. शिंक आली. तो मजकूर माझा होता.) पण हे कळायच्या आत मी घाबरून मामींना फोन केला, की यंत्र म्हणतंय माणूस, आणि नेमका फोन कटला. गावात माणसं मोजायला सुरुवात झाली. शेजारचा हुआला तियाऊ नदीवर मासे मारायला गेलेला, त्याचा पत्ता नव्हता. तो रविवारी टोपलीभर मासे घेऊन परतला, तर चर्चमध्ये त्याच्याच आत्म्यासाठी प्रार्थना चाललेली. शेवटच्या बाकावर बसून त्याने ती पुरी ऐकली. म्हणतो, लोक इतकं चांगलं बोलत होते, मध्ये उठवेना.

दुसरा निकाल: डुक्कर. त्याच फळीच्या वर डुकराचं मांस टांगलेलं असतं, त्याची चरबी खाली ठिबकते. तिसऱ्यांदा मी हाड फोडून आतलं घेतलं, तोंड बांधून, श्वास रोखून. निकाल आला: कोंबडी. शंभर टक्के कोंबडी!

मी नाचले, मामा. झारझोवाही खूश. दोघं सुमोने गावी गेलो. वाटलं, थोरले मामा मिठी मारतील. ते चुलीपुढे बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझं यंत्र बिघडलंय."

झारझोवा म्हणाला, "काका, एवढ्या कागदावर सही करा. कोंबडी होती म्हणून. संपलं."

"आणि व्याह्यांना काय सांगू? कोंबडीशी झुंजलो?"

मग माझ्याकडे वळून एकदम मऊ आवाजात विचारलं, "बाळ, रानकोंबडा आणि घरची कोंबडी, हे वेगळं कळतं का गं तुझ्या यंत्राला?"

मी मूर्ख. खरं बोलले. म्हटलं, नाही, जात एकच, एवढ्याशा मजकुरावरून नाही सांगता येत. मामांचा चेहरा उजळला. "मग लिही! रानकोंबडा! उडता! एका गोळीत!"

झारझोवाने हात जोडले. "काका, रानकोंबडा मारणं हाही गुन्हा आहे. पाया पडतो, ब्रॉयलर म्हणा."

"ब्रॉयलर?" मामा उठून उभे राहिले. "माझ्या मुलाच्या लग्नात? त्यापेक्षा बेड्या घाल!"

आणि हात पुढे केले. अजून ते हटलेले नाहीत. सही नाही, जबाब नाही. ते ऐकतील तर तुमचंच. शुक्रवारच्या सुमोने निघाच. उशीर झाला तर तुरुंगाच्या जाळीतून भेटावं लागेल.

तुमची भाची,
रिनसांगी

ता.क. ब्रॉयलर थोरल्या मामींनी चंफाईच्या बाजारातून आणली होती. त्यांनी मला हे कधीच सांगितलेलं नाही, बरं का.

ता.क. दुसरा. तुरुंगाचं मनावर घेऊ नका. प्रकरण गेल्याच आठवड्यात मिटलं. अहवालात कोंबडी आहे, आणि रानकोंबड्याचं झारझोवाने ऐकलंच नाही असं ठरवलंय. पण मामा, लग्नाच्या आदल्या दिवशी थोरले मामा खरंच बंदूक घेऊन बाहेर पडले होते. घोरपड म्हणून गोळी झाडली, ती हुआलाच्या पाण्याच्या टाकीला लागली. टाकीमागे त्याची बायको कपडे वाळत घालत होती, थोडक्यात वाचली. थोरल्या मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डॉक्टरांनी ऑपरेशनला पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे, आणि थोरले मामा म्हणतात, थानसेया आला तरच जाईन. तुम्ही दोन वर्षं म्हणताय, संत्री उतरली की येतो. डोळ्यांसाठी तुम्ही आला नसतात. तुरुंगासाठी याल, म्हणून तुरुंग लिहिला.

ता.क. तिसरा. दवाखान्यात त्यांचा हात तुम्हीच धरायचा. मला धरू देत नाहीत. म्हणतात, मला काय, दिसतंय सगळं, पण धाकट्याला दवाखान्याची भीती वाटते, त्याला आधार लागेल.