सिरिलकाकांची चाल आणि सन एकोणीसशे

लिटल विदम, सफोक
रविवार, सुगीची प्रार्थना आटोपल्यावर

प्रिय लेटीसआत्या,

सादर नमस्कार. नवा खुबा कसा आहे? (डॉक्टर तो परत घेत नाहीत म्हणे, तेव्हा त्याच्याशी जमवून घे.) समुद्राची हवा मानवते ना? इथे सगळं क्षेम आहे. तुझी भाचेसून हेस्टर माझ्याशी बोलत नाही, पण तब्येतीने ठणठणीत आहे.

सिरिलकाकांनी लाडक्या बायकोसाठी, म्हणजे तुझ्यासाठी, बांधलेली चाल एकदा कानांवर पडावी, असं तू ईस्टरला फोनवर म्हणालीस आणि मी जोशात "त्यात काय, आठवड्याभरात ऐकवतो" म्हणून बसलो. चाल होती काकांच्या जुन्या संगणकात. त्यावरची ऑपरेटिंग प्रणाली अख्ख्या सफोकात आता आम्ही तिघेच वापरतो: मी, रॉडरिक पिम आणि आयव्हर गॅड. (त्यातले ते दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. माउसचं मधलं बटण कशासाठी असतं यावरून फाटलं.)

संगणक आमच्या जेवणाच्या टेबलावर मांडला आणि चालू केला, तर स्क्रीन ठार काळा. रॉडरिक मला म्हणाला, "त्याला सांग, वीज आत पोचत नाहीये." आयव्हर मला म्हणाला, "त्याला सांग, झाकण उघडल्याशिवाय बडबडू नकोस." झाकण उघडलं, तर आतली घड्याळाची बॅटरी फुटून तिचा हिरवा रस सर्किटच्या पट्टीवर पसरलेला. आयव्हरने तो व्हिनेगर लावून दात घासायच्या ब्रशने घासला. सगळ्या घराला तळलेल्या माशांच्या दुकानाचा वास सुटला. हेस्टर ताटं घेऊन खाली आली. मासे नाहीत हे कळल्यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

पण संगणक उठला, आत्या! आमची प्रणाली अशीच, बटण दाबलं की हजर. रॉडरिकच्या डोळ्यांत पाणी आलं. (व्हिनेगरचं, असं तो म्हणतो.) फक्त बॅटरी गेल्यामुळे त्याला तारीख आठवेना, त्याच्या मते सन एकोणीसशे चालू होतं आणि गादीवर राणी व्हिक्टोरिया. काकांची फाइल उघडायला गेलो, तर उत्तर आलं: "ही फाइल अजून लिहिलेली नाही."

संगीताचा तो प्रोग्राम व्हिटबीच्या पेल्हम नावाच्या गृहस्थांनी एकट्याने लिहिलेला. हल्ली ते मधमाश्या पाळतात. त्यांना फोन लावला.

"तुमच्या प्रोग्राममध्ये दोष आहे," मी म्हणालो.

"दोष नाही, ती शिस्त आहे," ते म्हणाले. "उद्याची फाइल आज उघडणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवणार नाही."

"अहो, पण तारीख बदलायची कुठे?"

"मधल्या बटणाने," ते म्हणाले आणि माशी चावली म्हणून फोन ठेवला.

रॉडरिक आणि आयव्हर यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी एकदमच माउसला हात घातला. तारीख बदलली, फाइल उघडली. प्रिंटरने आमच्याशी काहीही संबंध ठेवायला नकार दिला, तेव्हा ऑर्गन वाजवणाऱ्या मिस क्वेल यांनाच बोलावलं. त्यांनी टेबलाशी बसून स्क्रीनवरचा एकेक सूर हाताने उतरवून घेतला. शेवटचा सूर उतरवून झाल्यावर त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "ही चाल लिहिणाऱ्याचं कुणावर तरी फार प्रेम होतं हो."

आज ती प्रार्थनागीताला लावून चर्चमध्ये सगळ्यांनी गायली. सोबत सीडी पाठवतोय. तिसऱ्या कडव्यात कुणीतरी खोकतं, तो मी. खोकलाच होता.

तुझा भाचा,
ॲम्ब्रोज

ता. क. सीडी ऐकताना मध्येच पोरं बाकांवरून उतरून बाहेर धावल्याचा आवाज येईल. ती चाल आपल्याकडे फिरणाऱ्या आइस्क्रीमच्या गाडीच्या चालीशी फार जुळते. काकांनी आधी बांधली की गाडीने, यावर रॉडरिक आणि आयव्हर यांनी पुन्हा अबोला धरला आहे.

दुसरा ता. क. संगणकात तुझ्या नावाच्या आणखी ढीगभर चाली आहेत. बंद केला तर पुन्हा उठेल याची खात्री आयव्हर देत नाही, म्हणून तो तीन आठवडे टेबलावर चालूच आहे आणि आम्ही जिन्यात बसून जेवतो. तुझ्याकडे मागची खोली रिकामी आहे ना? संगणकासाठी विचारतोय. हेस्टर मला म्हणते, स्वतःच्या पलंगाचंही विचारून ठेव.