साडेपासष्ट भरलेला मासा आणि माझी फळी

मी, एव्हरेट मॅकइनर्नी, वय अठ्ठावन्न, धंदा होड्यांची इंजिने दुरुस्त करणे व पाहुण्यांना मासेमारीला नेणे, शिक्षण आठवीपर्यंत शाळेत व पुढचे सगळे स्वतःचे स्वतः, राहणार मिरामिची नदीचा उजवा काठ, न्यू ब्रन्सविक, असे लिहून ठेवतो की आज माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय मात्र नाही. ते मंगळवारी सेंट जॉनच्या इस्पितळात उघडणार आहेत. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. उलट बायको म्हणते, असले काही लिहूच नकोस.

कलम १. घर, मागची शेड व बँकेतली शिल्लक पत्नी रोझलीन हिला. शेडचे दार आधी थोडे उचलून मग ओढायचे असते, हे तिला सत्तावीस वर्षांत जमलेले नाही. तरीही शेड तिलाच.

कलम २. पिसे व लोकर गुंडाळून मी स्वतः गळावर बांधलेल्या, सॅमन माशाला भुलवायच्या नकली माश्या, एकूण तीनशे बारा, मुलगी मॉरीन हिला. प्रत्येक गळाचा उलटा काटा मी पक्कडीने दाबून सपाट केलेला आहे. मॉरीनने दर वेळी गळ कापसातून ओढून पाहावा. कापूस अडकला, तर तो गळ माझ्या हातचा नव्हे.

कलम ३. शेजारी विल्फ्रेड कॅसी यास एक रिकामी फोटोफ्रेम. आमच्याकडे सॅमन धरला की सोडायचा, आणि सोडेपर्यंत पाण्यातच ठेवायचा. विल्फ्रेडने २०१९ साली फोटोसाठी तो छातीशी धरला, माझ्या घड्याळाने एक मिनिट वीस सेकंद. "तुझं डोकं तेवढाच वेळ पाण्यात धरतो, मग हसून दाखव," असे मी तेव्हा म्हणालो होतो. ते बोलणे मी मागे घेतलेले नाही.

कलम ४. माझा अंत्यविधी जूनमध्ये आला तर सकाळचा ठेवू नये. तेव्हा सॅमन नदीत वर चढत असतात. लोक येतील, पण माना खिडकीकडे.

कलम ५. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

पट्टेरी बास हा मासा घरी न्यायचा तर तो पन्नास ते पासष्ट सेंटिमीटरच्या आत हवा. धाकटे वाढू द्यायचे, थोरले अंडी घालू द्यायचे. सॅमन शेपटीच्या बेचकीपर्यंत मोजतात, बास शेपटीच्या टोकापर्यंत. यावर धक्क्यावर रोज भांडणे होत. म्हणून २०१५ च्या हिवाळ्यात मी देवदाराची फळी केली, एका टोकाला मासा टेकवायला ठोकळा, वर खुणा. सगळा काठ तिच्यावर मोजू लागला.

त्याच वर्षी मे महिन्यात माझा मेव्हणा लेलंड हॅशे याचा बास फळीवर साडेपासष्ट भरला. मी म्हटले, सोड. तो म्हणाला, अर्ध्या सेंटिमीटरसाठी? आणि मासा घेऊन घरी गेला. मी मत्स्य खात्याच्या अधिकाऱ्याला फोन केला. तो पोचला तेव्हा मासा तव्यावर होता, मोजायला काही उरले नव्हते. लेलंडने काहीही सांगितले असते तरी सुटला असता. त्याने सांगितले, "एव्हरेटच्या फळीवर साडेपासष्ट. ती फळी चुकत नाही."

त्याचा परवाना वर्षभरासाठी गेला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही. रोझलीन गेले नऊ नाताळ सूप आमच्याकडे पिते आणि गोड भावाकडे खाते.

गेल्या महिन्यात मॉरीनने दुकानातली नवी पट्टी आणली व सहज फळीशेजारी ठेवली. त्या हिवाळ्यात माझ्या टेपचे टोक तुटलेले होते. सुतार करतात तसे मी एकच्या खुणेपासून मोजले, आकडे मात्र एक वजा न करता टेपवरचेच उतरवले. पाचच्या खाली खुणा केल्याच नव्हत्या; तेवढा बास कोण मोजतो? म्हणून कोणाच्या लक्षात आले नाही. माझी फळी प्रत्येक माशाला एक सेंटिमीटर जास्त देते.

लेलंडचा मासा साडेचौसष्ट होता. कायदेशीर होता.

शिवाय, फळीवर पन्नास व एक्कावन्नच्या मधले जे बास मी घरी नेले ते आखूड होते. माझ्या वहीप्रमाणे एक्केचाळीस. ते मी लोणी लावून खाल्ले.

सबब माझी होडी, इंजिनासह, लेलंड यास.

कलम ६. साक्षीदार दोन लागतात, आणि ज्याला काही मिळणार आहे तो चालत नाही. पोस्टातली बर्निस तयार झाली. बाकी काठावरच्या ज्याला विचारावे त्याचे आणि माझे काहीतरी जुने भांडण निघते. काल रोझलीनने मला न विचारता भावाला फोन केला. तो आज सकाळी आला, बहिणीसाठी भाजीच्या नेच्याच्या कोवळ्या कोंबांची पिशवी घेऊन. टोपी न काढता दारातच उभा राहिला. मी त्याला कागद दिला. त्याने कलम पाच दोनदा वाचले.

"एक्केचाळीस?" तो म्हणाला.

"एक्केचाळीस."

"आणि माझा एक."

"तुझा बरोबर होता, लेलंड. मी चुकलो."

मग त्याने टोपी काढली व पेन मागितले. मी सांगितले की सही केलीस तर होडी तुझ्या हातची जाईल, नियमच तसा आहे. थांब, दुसरा कोणी शोधतो.

"तुझी होडी गळते," तो म्हणाला. "आणि मंगळवारी मरायचं नाही. जूनमध्ये तू वल्हव, मोजायचं मी बघतो."

सबब होडीचा मजकूर रद्द. होडी रोझलीनला, म्हणजे ती भावाला देईलच. फळी मात्र त्याने आत्ताच ताब्यात घेतली. तिच्यावर कोंब निवडणे चालू आहे.

ठिकाण: माझे स्वयंपाकघर. शनिवार, ११ मे २०२४.

सही: एव्हरेट मॅकइनर्नी

साक्षीदार १: बर्निस आर्सेनो. सही माझ्यासमोर झाली.

साक्षीदार २: लेलंड हॅशे. माझ्याहीसमोर झाली. लिहिणारा पूर्ण शुद्धीवर होता, नऊ वर्षांत पहिल्यांदाच.